कतारचा विश्वचषक आणि मोंढ्यातली हळद

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एप्रिल २०२२ मधली गोष्ट. वसमतजवळच्या खेड्यात माझ्या मेहुण्याच्या घरी हळदीचे चाळीस कट्टे रचून ठेवलेले होते. चाळीस कट्टे म्हणजे वीस क्विंटल. शिजवून, वाळवून, ढोलात घोळून तयार केलेला माल. मेहुणा म्हणाला, "दाजी, यंदा कतारात फुटबॉलचा वर्ल्डकप हाय. जगभरची माणसं तिथं जेवायला बसणार. हळद लागंलच की. नोव्हेंबरपर्यंत थांबावं म्हणतो."

मी हिंगोलीत तीस वर्षे वाणिज्य शिकवलेला माणूस. मागणी वाढली की भाव वाढतो, हे फळ्यावर लिहून हात पांढरे झालेले. मी म्हणालो, "थांब." बियाण्या-खतासाठी मग त्याने व्याजाने पैसे काढले.

विश्वचषक २० नोव्हेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि १८ डिसेंबरला संपला. भाव काही वाढला नाही. सावकाराचा तगादा लागला तेव्हा त्याने सगळे कट्टे विकले. व्याज गेले, वजनात घट आली. मला बोल लावला नाही, एवढेच. पण माझे कुठे चुकले, हे शोधणे मला भाग होते.

पहिली चूक साध्या हिशेबाची. कतारात त्या महिन्यात चौदा लाखांवर पाहुणे आले, असे तिथल्या आयोजकांनी सांगितले. समजा, प्रत्येक जण दहा दिवस राहिला आणि रोज दोन ग्रॅम हळद त्याच्या पोटात गेली. हा उदार हिशेब झाला, कारण त्यातले कितीतरी जण हळद खाणारे नव्हतेच. तरी एकूण हळद होते २८ टन, म्हणजे २८० क्विंटल. दोन कंटेनरांत मावेल एवढी! हंगामात हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात एका दिवसात याहून जास्त हळद बिटाला येते. २०२२-२३ या वर्षात भारतातून सुमारे दीड लाख टन हळद परदेशी गेली. त्या राशीत २८ टनांनी काय फरक पडणार?

दुसरी चूक वेळेची. लग्नाचा किराणा आपण अक्षता पडायच्या दिवशी भरतो का? स्पर्धेचेही तसेच आहे. न्हावा शेवाहून कतारला जहाज साधारण आठवडाभरात पोचते. पण त्याआधी माल बंदरावर न्यायचा, कागदपत्रे करायची, जहाजात जागा मिळवायची, तिकडे उतरवून गोदामात लावायचा. सामन्याची तारीख पुढे ढकलता येत नाही, म्हणून शहाणा व्यापारी सगळे कितीतरी आधी भरून ठेवतो. पहिली शिटी वाजते तेव्हा खरेदी होऊन गेलेली असते. आम्ही मात्र त्या शिटीची वाट पाहत बसलो होतो.

मग अशा स्पर्धांनी जगाच्या व्यापारात काहीच हलत नाही का? हलते, आणि पुष्कळ हलते. पण ते दुसरीकडे. कतारला यजमानपद मिळाले डिसेंबर २०१० मध्ये. आठ मैदाने लागणार होती, त्यांतली सात नवी. पुढची बारा वर्षे लोखंड, खुर्च्या, काचा, यंत्रे यांची रीघ लागली. एक मैदान तर मालवाहू कंटेनर रचूनच उभे केले. त्यात ९७४ कंटेनर वापरले, म्हणून त्याचे नावही स्टेडियम ९७४.

या कामाच्या भरात ५ जून २०१७ रोजी सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले. जमिनीवरची एकमेव सीमा बंद झाली. तोवर कतारचा बराच माल दुबईच्या जेबेल अली बंदरात मोठ्या जहाजांतून उतरे आणि लहान जहाजांतून दोह्याला जाई. तीही वाट मिटली. लोकांना खायला तर हवेच होते, शिवाय मैदानांची मुदत डोक्यावर होती. कतारचे नवे हमद बंदर नुकतेच कामाला लागले होते. थोड्याच आठवड्यांत आपल्या न्हावा शेवा आणि मुंद्रा बंदरांतून थेट तिथवर जहाजे सुरू झाली.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते हेच. वाटेतली एक चढ-उतार वाचली की खर्च आणि दिवस दोन्ही वाचतात. निर्यातदार मोंढ्यात भाव लावतो तो वाहतूक, हमाली, जहाजभाडे आधी मनात वजा करून. हिंगोलीहून बंदर सुमारे सहाशे किलोमीटरवर. म्हणून वाहतुकीतला प्रत्येक रुपया शेवटी शेतकऱ्याच्या पट्टीपर्यंत येतो. पाहुणे महिनाभर जेवून जातात, बंदर आणि रस्ता मागे राहतात. तो विश्वचषक चालू असतानाच, ११ डिसेंबर २०२२ रोजी, समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला. आमच्याकडून वाशीममार्गे तो गाठता येतो. आम्ही कतारकडे डोळे लावून बसलो होतो, आणि कामाची बातमी शेजारच्या जिल्ह्यात होती.

हळदीचा भाव पुढे वाढला, तो २०२३ च्या पावसाळ्यात. दोन वर्षे भाव पडलेला, म्हणून लागवड घटली. त्यात पाऊस लांबला. जुलैत भाव दहा हजारांच्या वर गेला. त्याचा फुटबॉलशी काडीचा संबंध नव्हता. तेव्हा मेहुण्याच्या घरात एकही कट्टा शिल्लक नव्हता.

आता २०३० ची राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला ठरली आहे. मोंढ्यात पुन्हा बोलणी सुरू होतील. परवा मेहुण्यानेच विषय काढला. म्हणाला, "दाजी, खेळायला किती माणसं येणार ते जाऊ द्या. आपल्याकडून तिकडं मालगाडी वाढणार का, तेवढं बघा." मी अजून बघतो आहे. या वेळी मात्र हळद रोखून धर, असे मी त्याला सांगितलेले नाही.