शिसं स्वस्त, गोळी नव्हे

बाहेरगावी ‘मी वरणगावचा’ असं सांगितलं की ज्याला गाव माहीत नाही तो विचारतो, ‘भुसावळजवळचं का?’ ज्याला गावची काडतुसांची फॅक्टरी माहीत आहे तो डोळा बारीक करून म्हणतो, ‘मग काय, गोळ्या म्हणजे तुमच्या घरचीच शेती!’ हसून सोडून द्यावं असा हा विनोद आहे, आणि मी बरीच वर्षं सोडूनही दिला. पण ऑगस्ट 2024 नंतर त्याच विनोदाचा सल्ला होऊन बसला. कोल्हापुरातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं. हा मुलगा मध्य रेल्वेचा कर्मचारी, म्हणजे भुसावळकरांना तो घरचाच वाटला. त्याच्या सरावासाठी घरच्यांनी कर्ज काढलं होतं आणि एक काडतूस तेव्हा 120 रुपयांच्या आसपास पडायचं, हेही बातम्यांतून सगळ्यांनी वाचलं. लगेच आमच्याकडचे हुशार लोक हिशेबाला बसले. एन.सी.सी.च्या कॅम्पात चार राउंड मारून आलेलं पोरगं असो की भंगारच्या धंद्यातला त्याचा मामा, सगळ्यांचा निष्कर्ष एकच: ‘शिसं किलोवर मिळतं. साचा घ्यायचा, घरीच हलक्या हलक्या गोळ्या ओतायच्या. टार्गेटवर तर मारायच्यात, कुणाला लागणार आहेत? दहा रुपयांत काम!’

हे इतक्या वेळा ऐकलंय की आता नीट उत्तर दिलेलंच बरं.

आधी या समजाचा उगम सांगतो, कारण तो अगदीच हवेतला नाही. सातपुड्याच्या बाजूला आणि कोकणातही पीक राखायला ठासणीच्या बंदुका असत. परवान्यावर आजही काही ठिकाणी आहेत. अशा बंदुकीच्या नळीत वरून दारू ठासायची, मग गोळी किंवा छर्रे. नळी आतून गुळगुळीत. तिच्यासाठी आजोबांच्या पिढीने शिशाच्या गोळ्या घरी ओतल्या, हे खरं आहे. गोळी थोडी वेडीवाकडी झाली तरी वीस पावलांवरच्या रानडुकराला त्याने फरक पडत नव्हता. फरक पडतो तो रायफलमध्ये, आणि आपली सगळी गफलत या दोन बंदुकांना एक समजण्यात आहे.

रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. गोळी त्या खाचांना घट्ट धरून फिरत बाहेर पडते आणि त्या गिरकीमुळेच सरळ जाते. स्वप्नीलच्या प्रकारात वापरतात ती पॉइंट टू-टू, म्हणजे 5.6 मिलिमीटरची रायफल. तिचं शिसं साधारण 2.6 ग्रॅमचं, वेग सेकंदाला सुमारे 330 मीटर, आणि नळीतला पीळ सहसा 16 इंचांत एक फेरा. गुणाकार केला तर गोळी मिनिटाला जवळजवळ 50 हजार फेऱ्यांच्या वेगाने फिरत असते. आता त्या गोळीत ओतताना राहिलेला हवेचा एक बुडबुडा आहे असं धरा. बाहेरून दिसणार नाही, वजनात मिलिग्रॅमांचा फरक. पण वजनाचा मध्य सरकला, आणि इतक्या वेगाने गरगरताना सरकलेला मध्य गोळीला बाजूला ओढतो. 50 मीटरच्या रायफल टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं. करंगळीच्या नखाएवढं. पॅरिसच्या पात्रता फेरीत कुसाळेने 60 गोळ्यांत 590 गुण केले, म्हणजे 600 पैकी फक्त दहा गमावले, आणि तरी तो सातवा होता. अंतिम फेरीतला त्याचा 451.4 हा आकडा तर दशांशात मोजलेला आहे. या खेळात ‘थोडी वेडीवाकडी’ गोळी म्हणजे काय, ते यावरून समजावं.

म्हणून सांगतो, काडतुसाच्या किमतीत शिशाचा वाटा किरकोळ असतो. पैसे मोजायचे ते एका गोळीसारखीच दुसरी, दुसरीसारखीच दहाहजारावी निघण्याचे. वरच्या दर्जाचे नेमबाज तर कारखान्याच्या एका लॉटवर दुसऱ्या लॉटइतका भरवसा ठेवत नाहीत. युरोपातल्या काडतूस कंपन्यांच्या चाचणी केंद्रांवर ते आपली रायफल घेऊन जातात, ती शिकंज्यात बसवतात, एकेका लॉटच्या गोळ्या मारून बघतात आणि ज्याचा गट सगळ्यात लहान पडतो तोच लॉट उचलतात. सगळ्या लॉटचं यंत्र तेच, माल तोच, खोक्यावरचं नाव तेच. तरीही. आणि आपण गॅसच्या शेगडीवर त्यांची बरोबरी करायला निघालो आहोत.

हलक्या गोळीचं वेड कुठून आलं हे मला अजून कळलेलं नाही. हलकी म्हणजे कमी शिसं, म्हणजे स्वस्त, म्हणजे कमी धोक्याची, असा काहीतरी तर्क असावा. एकाच जाडीत गोळी हलकी केली की ती सुरुवातीला वेगात निघते खरी, पण हवेचा अडथळा तिला लवकर दमवतो आणि बाजूचा वारा तिला जास्त ढकलतो. आमच्या इथल्या मे महिन्यातल्या दुपारच्या वाऱ्यात तर विचारूच नका. शिवाय नळीतला पीळ ठरावीक वजना-लांबीची गोळी डोळ्यांपुढे ठेवून केलेला असतो. कमी धोक्याची हाही भ्रमच. टू-टूच्या काडतुसांच्या खोक्यांवर दीड मैलांपर्यंत धोका असल्याचा इशारा छापलेला असतो. वरणगाव फाट्यावर उभं राहून दीड मैल म्हणजे किती, ते ज्याचं त्याने मोजावं.

आता फॅक्टरीकडे येऊ. वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी 1964 सालची. 1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हापासून ती पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आहे. इन्सासच्या 5.56 मिलिमीटरसारखी लहान शस्त्रांची काडतुसं ही तिची ओळख. काडतूस कसं बनतं हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात आहे, गुपित काही नाही. पितळेच्या पट्टीतून वाटी कापायची, ती टप्प्याटप्प्याने ओढत लांब करायची, मध्ये मध्ये तापवून मऊ करायची, कारण ओढलं की पितळ कडक होऊन तडकतं. मग बूड घडवायचं, तोंड आवळायचं. ही झाली नुसती पुंगळी. टोपी वेगळी, दारू वेगळी, गोळी वेगळी, आणि प्रत्येकीला गेज, प्रत्येकीला तपासणी. शेवटी प्रत्येक लॉटमधले नमुने प्रत्यक्ष झाडून दाब, वेग आणि नेम मोजतात. लॉट नापास झाला तर नापास. हे सगळं का, तर टू-टूसारख्या ‘लहान’ काडतुसातही दाब युरोपीय मानकाप्रमाणे 1700 बारपर्यंत जाऊ दिलेला असतो. तुमच्या मोटरसायकलच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असतो. हा दाब नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर, पोलादाच्या एका खोबणीत कोंडलेला असतो. गोळी नळीत अडकली आणि ते न कळता वरून दुसरी झाडली, तर नळी फाटू शकते. पुढचं मी लिहीत नाही.

‘मग रिकाम्या पुंगळ्याच पुन्हा भरल्या तर?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. टू-टूची पुंगळी काठावर चेपून पेटते. पेट घेणारा मसाला तिच्या बुडाच्या कडेतच भरलेला असतो, वेगळी टोपी नसते. एकदा चेपली की तिची जागा भंगारात. मोठ्या काडतुसांच्या पुंगळ्या पुन्हा भरता येतात, अमेरिकेत कितीतरी लोक हौसेने भरतात, आणि आपली पोरं त्यांचेच व्हिडिओ बघून आलेली असतात. तिथला कायदा तिथे.

इथला कायदा तर फारच कमी लोकांनी वाचलाय. शस्त्र अधिनियम 1959, कलम 5: परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवायचा नाही. घरात बंदुकीचा परवाना असला म्हणून तो बनवण्याचा परवाना होत नाही. दोन्ही पूर्ण वेगळे. यावर कुणीतरी चतुराईने म्हणतोच, ‘पण काका, मी तर फक्त शिशाची गोळी केली, दारू कुठंय त्यात?’ कलम 2 मधली ‘दारूगोळ्या’ची व्याख्या काढून वाचावी. दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्री, दोन्ही त्या व्याख्येत आहेत. साचा त्यातून सुटेल या भरवशावर कुणी राहू नये. आणि शिक्षा? डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 25 (1) खाली कमीत कमी 7 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप, वर दंड. आधी हे 3 ते 7 वर्षं होतं. दहा रुपयांच्या गोळीचा खरा भाव हा. शिवाय आपला जिल्हा कोणता हेही लक्षात ठेवावं. चोपड्यापलीकडे, सातपुड्याच्या सीमेवरच्या उमर्टीच्या गावठी कट्ट्यांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. अशा मुलखात ‘साहेब, मी फक्त टार्गेटसाठी ओतत होतो’ हे वाक्य पोलीस ठाण्यात किती चालेल?

शिशाबद्दल एक वेगळीच बेफिकिरी आहे. ‘आमचे आजोबा ओतायचे, नव्वद वर्षं जगले.’ जगले असतील. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची अमुक इतकी मात्रा निर्धोक, अशी कुठली पातळीच माहीत नाही, आणि सगळ्यात जास्त नुकसान लहान मुलांच्या मेंदूचं होतं. घरात शिसं वितळवलं की धूर आणि भुकटी भांड्यावर, ओट्यावर, कपड्यांवर बसते, आणि रांगतं पोर तिथे हात लावून तोच हात तोंडात घालतं. शिशासाठी जुन्या बॅटऱ्या फोडणं तर त्याहून वाईट. त्यात आम्लही आलं. ज्याला पैसे वाचवायचे आहेत त्याने आधी दवाखान्याचा खर्च मांडावा.

मग गरिबाच्या पोराने नेमबाजी करायचीच नाही का? करायची, आणि स्वस्तात करायची. पण स्वस्ताई गोळीत शोधायची नाही. सुरुवात 10 मीटर एअर रायफलने होते. 4.5 मिलिमीटर आणि 20 ज्यूलच्या मर्यादेतल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. तिचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा, कमरेत बारीक, मागे घेरदार, आणि शंभरांच्या हिशेबाने डबीतून येतो. हाही घरी करायचा म्हणाल तर आधी चांगल्या डबीचं झाकण बघा: त्यावर 4.49, 4.50, 4.51 असे आकडे छापलेले असतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून नेमबाज डबी निवडतो, कारण एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. साच्यातून तेवढा बारकावा काढणारा कारागीर आपल्या पंचक्रोशीत असेल, तर त्याने छर्रे ओतत बसू नये, त्याला कुठेही चांगल्या पगाराची नोकरी आहे.

आणि सगळ्यात स्वस्त सराव तर बिनगोळीचा. कोरडा सराव. रिकामी बंदूक दोनदा तपासायची, भिंतीवर ठिपका लावायचा, उभं राहायचं, श्वास सोडायचा, घोडा दाबायचा, आणि घोडा सुटल्यावरही दोन सेकंद तसंच राहून ठिपका हलला का ते पाहायचं. हे कंटाळवाणं आहे हे मला मान्य, म्हणूनच कुणी करत नाही. पण चांगले नेमबाज जन्मभर करतात, आणि यात एक पैशाचं शिसं लागत नाही. पुढे टू-टूपर्यंत गेलात तर एन.सी.सी., रायफल क्लब आणि जिल्हा-राज्य संघटना हाच रस्ता. 2020 साली केंद्राने मान्यताप्राप्त खेळाडूंची टू-टू काडतुसांची वर्षाची मर्यादा 1000 वरून 5000 केली आहे. म्हणजे अडचण पैशांची असते, आणि पैशांच्या अडचणीवर शिष्यवृत्ती, प्रायोजक, क्लबची सामायिक रायफल असे कंटाळवाणे पण खरे उपाय आहेत.

बाकीचे किरकोळ समज एका दमात. फॅक्टरीतल्या कामगाराला गोळ्या स्वस्तात मिळतात: नाही, गेटवर झडती होते, आणि सैन्यासाठीची काडतुसं नागरिकाला कोणत्याच भावाने मिळत नाहीत. फायरिंग रेंजवरच्या पुंगळ्या वेचून विकता येतात: त्या मोजून परत घ्यायच्या असतात, आणि रेंजवर न फुटलेलं काय पडलं असेल ते वेचणाऱ्याला दिसत नाही. ‘ओएफव्ही’ची, म्हणजे आमच्याच फॅक्टरीची, मोहर असलेली पुंगळी घरात शोभेला ठेवायला हरकत नाही: आधी जवळच्या ठाण्यात विचारावं. स्वस्त काडतुसाने हात बसतो, स्पर्धेपुरतं महाग घ्यायचं: चूक कुणाची, हाताची की काडतुसाची, हे कळलं नाही तर हात बसणार कसा? टू-टूचा आवाज बारीक, कानात काही घालायची गरज नाही: आहे, आणि बंद हॉलमध्ये तर दुप्पट.