मोरी तुंबली की औषधाचेही विष

नळाची धार रोजचीच, पण मोरी तुंबली तर? थोड्याच वेळात न्हाणीघरात पाणी साचते. औषधांचेही असेच आहे. योग्य मात्रेत दिलेले औषध शरीराबाहेर पडले नाही, तर तीच मात्रा जास्त ठरते.

मेथोट्रेक्सेट हे कर्करोगावरील औषध पाहा. त्याच्या रेणूची ठेवण फॉलिक आम्ल या जीवनसत्त्वासारखी असते. पेशीला नवा डीएनए बनवण्यासाठी फॉलिक आम्ल लागते. परंतु आधी एक विकर त्याचे रूप बदलते. मेथोट्रेक्सेट नेमके या विकराला चिकटून बसते आणि भराभर वाढणाऱ्या कर्कपेशींची वाढ खुंटते. अशा औषधांचा पाया घालणाऱ्यांत भीमावरमला १८९५ साली जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे एक होते.

हाडांच्या एका कर्करोगात हे औषध फार मोठ्या मात्रेत देतात. त्याचा बहुतेक भाग मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो. पण लघवी आम्लधर्मी असेल तर औषधाचे स्फटिक बनतात आणि मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका तुंबतात. मूत्रपिंड मंदावले की औषध साचते. साचलेले औषध मूत्रपिंडाला आणखी इजा करते. मग अस्थिमज्जा आणि तोंडा-आतड्यांचे अस्तर यांच्या निरोगी पेशीही मरू लागतात. रुग्णाचा जीव धोक्यात येतो.

यावर उपाय काय? पहिला उपाय आधीच सुरू होतो. शिरेतून भरपूर द्रव आणि सोडियम बायकार्बोनेट देऊन लघवी अल्कधर्मी ठेवतात. रक्तातील औषधाचे प्रमाण वारंवार मोजतात.

दुसरा उपाय म्हणजे फॉलिनिक आम्ल. अडलेल्या विकराला वळसा घालून ते पेशीची गरज भागवते. हे साधारण एका दिवसानंतर देतात. लगेच दिले तर कर्कपेशीही वाचतील! औषध साचत असेल, तर फॉलिनिक आम्लाची मात्रा वाढवतात.

तिसरा उपाय तर थेट कात्रीच! ग्लुकार्पिडेज हे विकर मूळचे एका जीवाणूतले. ते मेथोट्रेक्सेटच्या रेणूचे दोन तुकडे करते. पंधरा मिनिटांत रक्तातील औषध ९७ टक्क्यांहून अधिक घटू शकते. अमेरिकेत २०१२ साली त्याला मान्यता मिळाली. मात्र ही कात्री पेशीच्या आत शिरत नाही, म्हणून फॉलिनिक आम्ल चालूच ठेवावे लागते. गंमत म्हणजे ही कात्री फॉलिनिक आम्लही कापते! त्यामुळे दोन्हींमध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवतात.

रक्तशुद्धीकरण यंत्रानेही औषध काढता येते. पण ऊतींत मुरलेले औषध पुन्हा रक्तात उतरते आणि प्रमाण परत वाढते.

आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्याही मेथोट्रेक्सेटचा निचरा मंदावू शकतात. म्हणून अशा रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय साधी गोळीही घेऊ नये. डॉक्टर औषधाआधी रक्त-लघवी तपासायला सांगतात, तेव्हा कुणी कंटाळले तर त्यांना सांगा : मोरी वाहती आहे ना, हेच ते पाहत आहेत.