हल्ला आणि बचाव यांचा तोल

मुले व्हिडिओ गेम खेळतात तेव्हा आई-वडिलांना फक्त गोंगाट ऐकू येतो. खेळ कसा रचला आहे, हे आपण पाहत नाही. बर्फावरच्या हॉकीचे गेम घ्या.

निन्टेन्डोने 1988 साली ‘आइस हॉकी’ आणला. त्यात गोलरक्षक सोडून 4 खेळाडू आपण निवडायचे. सडपातळ खेळाडू चपळ, पण धक्का लागताच पडतो. जाड्याचा फटका जबरदस्त, पण चाल मंद. मधला सगळ्यात बेताचा. चारही चपळ घेतले तर धक्काबुक्कीत मार खातात. चारही जाडे घेतले तर समोरचा निसटून जातो.

ईए स्पोर्ट्सच्या ‘एनएचएल’ गेममध्ये बचाव करणारा काठी पुढे करून चकती हिसकावतो. पण वेळ चुकून काठी समोरच्याच्या पायात गेली, तर 2 मिनिटे बाहेर बसावे लागते. ही शिक्षा नसती, तर नुसते बटण दाबत राहणाराच जिंकला असता. बचाव दुबळा ठेवला, तर एकाच युक्तीने गोल होत राहतात आणि मूल विचार करणे सोडते.

दीनने आपल्याला ऐतदाल शिकवला आहे. म्हणून हरलेले मूल चिडले तर रागावू नका. शेजारी बसून विचारा, “बेटा, घाई कुठे झाली?” उत्तर शोधताना त्याचा राग निवळेल. मात्र नमाज, अभ्यास आणि झोपेच्या वेळा आधीच ठरवून द्या. त्या पाळणे हाही घरातला बचावच आहे.