सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची रेल्वे

भिलाईच्या युनिव्हर्सल रेल मिलमध्ये रूळ लाटला जातो तो १३० मीटर लांबीचा. असे दोन रूळ कारखान्यातच वेल्ड केले की २६० मीटरचं पॅनल तयार होतं आणि त्यासाठी खास बांधलेल्या वाघिणींवरून ते देशभर रवाना होतं. मीटरला ६० किलो या हिशोबाने एका पॅनलचं वजन साडेपंधरा टनांच्या घरात जातं. हा रेक वळणावर आला की वाघिणींबरोबर वरचे रूळही वाकतात. पोलादाचा एवढा मोठा दांडा वेताच्या छडीसारखा वाकतो, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही.

आता ही लांबी ८७ ने भागा. तीन मीटरला सेंटिमीटरभर कमी. एवढा रूळ घरातल्या एका खोलीत मावतो. जगभरातल्या हौशी मंडळींची छोटी रेल्वे याच हिशोबावर धावते. १:८७ हे सर्वांत रुळलेलं माप, त्याला एच-ओ म्हणतात. या मापात एक किलोमीटरचा लोहमार्ग साडेअकरा मीटरचा होतो, आणि आपल्या एलएचबी डब्याची लांबी २७ सेंटिमीटर भरते. २४ डब्यांची गाडी फलाटावर उभी करायची तर साडेसहा मीटर जागा हवी, इंजिनाचं वेगळंच.

भिलाईत वाढलेल्या माणसाला रेल्वेची ओळख करून द्यावी लागत नाही. हावडा-मुंबई मार्ग गावातून जातो. दल्ली राजहऱ्याचं लोहखनिज मालगाडीनेच येतं. कारखान्याच्या आत स्वतःचे रूळ, स्वतःची इंजिनं आहेत, आणि झोतभट्टीतून निघालेलं वितळलेलं लोखंडही त्याच रुळांवरून पुढे नेलं जातं. मैत्री बागेत मुलांसाठी टॉय ट्रेन आहे. इतकं असूनही रेल्वे आम्हाला दिसते ती तुकड्यातुकड्यांनी. फाटक बंद असतं, मालगाडी सिग्नलपाशी उभी असते, बाजूने मेल सुसाट निघून जाते. ती का थांबली, हिला कोणी सोडलं, पुढच्या स्टेशनात कोणती लाइन मोकळी होती, हे फाटकाशी स्कूटर घेऊन उभ्या असलेल्याला कळायला मार्ग नसतो. एवढी मोठी यंत्रणा एका जागी उभं राहून संपूर्ण पाहायची असेल तर ती लहानच करावी लागते.

मराठी मुलखात हे काम तडीस नेलं ते पुण्याच्या भाऊ जोशींनी. कोथरूडमध्ये, कर्वे रस्त्यापासून जवळ, संगम प्रेसपाशी जी. ए. कुलकर्णी पथावर त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावर जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुलं झालं. त्याआधी भाऊंनी हलवता येतील अशा मांडण्या करून त्यांची प्रदर्शनं भरवली होती. हलवायची मांडणी म्हणजे दर वेळी तुकडे सुटे करायचे, नव्या जागी जोडायचे आणि प्रत्येक सांध्यावर रूळ केसभरही वरखाली राहणार नाही याची काळजी घ्यायची. कायमची जागा मिळाल्यावरच माणूस डोंगर, पूल, शहर असं सगळं उभं करू शकतो.

कोथरूडच्या त्या दालनात एक अख्खं शहर आहे. उड्डाणपूल, दिव्यांचे खांब, कुंपणं, सर्कस, पोहण्याचा तलाव, डोंगरावर चढणारी फनिक्युलर गाडी, आणि या सगळ्यांतून वाट काढणाऱ्या वाफेच्या इंजिनापासून बुलेट ट्रेनपर्यंतच्या गाड्या. दालनातले दिवे मंद होतात आणि शहरावर रात्र उतरते तेव्हा मुलं पुढे सरकतात. माझ्या मते मात्र तिथली सर्वांत मोलाची गोष्ट आहे तिथले ६५ सिग्नल. गाड्या विकत मिळतात. त्या एकमेकींच्या वाटेत न येता धावाव्यात, एकीने बोगद्याबाहेर पडावं तेव्हा दुसरीने लूप लाइनवर थांबावं, ही शिस्त विकत मिळत नाही. ती तारांमधून आणि रिलेंमधून घडवावी लागते. दालनात उभं राहिलं की भिलाईच्या फाटकाशी न सुटलेलं कोडं तिथे सुटतं.

परदेशात ही हौस तळघरांत वाढली, आणि त्याला कारण आहे. थंड मुलखात जमीन गोठते, म्हणून घराचा पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. एवढं खणलंच आहे तर तळघर जवळजवळ फुकटात पदरात पडतं. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांची राष्ट्रीय संघटना १९३५ पासून आहे. तिने चाकांची कड, रुळांमधलं अंतर आणि पुढे डिजिटल नियंत्रणाचे संकेत ठरवून दिले, म्हणून एका कारखान्याचं इंजिन दुसऱ्याच्या रुळांवर धावू शकतं. आपल्याकडे तळघर असलंच तर जुन्या वाड्यात, आणि तेही दमट. पावसाळ्यात प्लायवूड फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, आणि वर पक्के ठोकलेले रूळ बिचारे कमानीसारखे वर येतात. भिलाईच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो. म्हणून इकडे मांडणी करणाऱ्याने पहिला खर्च लाकडावर करावा. लाकूड नीट वाळलेलं असावं, त्याला सर्व बाजूंनी रंगाचा हात द्यावा, आणि रूळ जोडताना सांध्यात नखभर फट ठेवावी.

या फटीत एक गंमत आहे. खऱ्या रेल्वेत २६० मीटरची पॅनलं जागेवर वेल्ड करून मैलोन्‌मैल अखंड रूळ झाले, आणि आमच्या पिढीने ऐकलेली सांध्यांवरची खडखड मुख्य मार्गांवरून जवळपास गेली. मॉडेलचा लवचिक रूळ मात्र साधारण ९१ सेंटिमीटरच्या तुकड्यांत मिळतो. म्हणून छोट्या गाडीची चाकं अजूनही ठेक्यात वाजतात.

खडी टाकणं हे सर्वांत वेळखाऊ काम. बारीक चाळलेली खडी चमच्याने रुळांमध्ये पसरायची, मऊ ब्रशने स्लीपरवरून खाली उतरवायची, तिच्यावर पाण्याचा हलका फवारा मारायचा. मग फेविकॉल पाण्यात पातळ करून, त्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून, ड्रॉपरने कडेकडेने सोडायचं. साबण नसेल तर गोंदाचं पाणी खडीवर मोत्यासारखं गोळा होऊन बसतं, आत मुरत नाही. गाडीचा मार्ग बदलणाऱ्या पॉइंटच्या हलत्या जिभेजवळ हात आखडता घ्यावा. तिथे एक दाणा चिकटला की गाडी हमखास घसरते.

विजेचं गणितही समजून घ्यावं लागतं. साध्या पद्धतीत दोन रुळांमधून १२ व्होल्ट डीसी सोडतात. डावा रूळ एक टोक, उजवा दुसरं. दिशा बदलायची तर टोकं उलटी करायची. नवशिक्याला वाटतं, गाडी जाऊन परत त्याच रुळावर उलट्या तोंडाने आली तर किती छान! म्हणून तो रुळाचा फास काढून मूळ मार्गाला जोडतो, आणि वीज देताच शॉर्ट होतं, कारण फासातून फिरून आलेला डावा रूळ उजव्याला भिडलेला असतो. उपाय म्हणजे फास दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या सांध्यांनी तोडायचा आणि गाडी त्यात असताना बाहेरची टोकं पालटायची. लांब मार्गावर नुसत्या रुळांवर विसंबूनही चालत नाही. सांध्यांमध्ये दाब गळतो आणि लांबच्या टोकाला इंजिन रेंगाळतं. म्हणून मांडणीच्या खालून जाड तारेची जोडी फिरवून जागोजाग रुळांना डाग द्यावे लागतात. वर डोंगर आणि स्टेशन दिसतं, निम्मी मेहनत खाली अंधारात असते.

वळणांच्या बाबतीत मात्र सगळेच मॉडेलवाले तडजोड करतात. आपल्या ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर. ८७ ने भागली तर दोन मीटर. अर्धवर्तुळालाच चार मीटर रुंदीची खोली लागली! बाजारातले खेळण्यातले रूळ ४०-४५ सेंटिमीटरच्या त्रिज्येत वळतात. चढाचंही तसंच. बोर घाटातला चढ ३७ मध्ये १ आहे. तोच धरला तर खालच्या रुळावरून साडेसात सेंटिमीटर उंच जायला पावणेतीन मीटर पल्ला लागतो. तेवढा पल्ला दिला तरी छोट्या इंजिनाचीही दमछाक होते, आणि घाटात गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं का लागतात हे तिथे डोळ्यांसमोर कळतं. वेगाचंही भान हवं. ताशी ११० किलोमीटरची गाडी या मापात सेकंदाला फक्त ३५ सेंटिमीटर जाते. बहुतेक जण याच्या दुप्पट-तिप्पट पळवतात आणि सगळी ऐट घालवतात.

मला सलते ती तडजोड वेगळीच आहे. एच-ओचे रूळ एकमेकांपासून १६.५ मिलिमीटरवर असतात, कारण युरोप-अमेरिकेचं १४३५ मिलिमीटरचं अंतर ८७ ने भागलं की तेच येतं. आपलं ब्रॉडगेज १६७६. ते भागलं तर १९.३ यायला हवेत. म्हणजे भारतीय इंजिन हौसेने घडवलं, रंग हुबेहूब दिला, तरी ते उभं राहतं परक्या रुळांवर आणि समोरून पाहिलं की पाय आखडून उभं असल्यासारखं दिसतं. तीन मिलिमीटरांहून कमी फरक, पण एकदा दिसला की पुन्हा न दिसणं शक्य नाही.

ज्या गावाने १९६० पासून या देशाला रूळ पुरवले, त्या गावात १९.३ मिलिमीटरची एक मांडणी असावी असं मला मनापासून वाटतं. युरोपातलं कल्पित शहर नको. दल्ली राजहऱ्याहून बालोद-गुंडरदेहीमार्गे खनिज घेऊन येणारी मालगाडी, दुर्गचं यार्ड, कारखान्याच्या आतले रूळ, आणि बाहेर पडणारा रुळांचा रेक, एवढं पुरे. त्या रेकवरचे रूळ तीन-तीन मीटरचे, वळणावर खरोखर वाकणारे. स्लीपर आणि पॉइंट हाताने बनवावे लागतील, कारण हे माप दुकानात मिळत नाही. पण ज्या गावात फिटर, टर्नर आणि वेल्डर घराघरांत निवृत्त झालेले आहेत, तिथे हाताच्या कामाची चिंता करायचं कारण नाही. दोन मीटर त्रिज्येची खरी वळणं घ्यायची म्हटलं तर सेक्टरमधल्या क्वार्टरची खोली पुरणार नाही. शाळेचं सभागृह लागेल, किमान पाच मीटर रुंद आणि त्याच्या तिप्पट लांब, पावसाळ्यात न गळणारं.