परवाना कोणाच्या सहीचा?

तीसेक वर्षांपूर्वी, ऐन पंचविशीत, मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका बुरूड वस्तीतला माल पुण्याच्या प्रदर्शनात नेला होता. सुपे, परड्या, टोपल्या आणि हौसेने करून घेतलेल्या दिव्यांच्या जाळीदार टोप्या. तीन दिवसांत माल संपला. एका दुकानदाराने आणखी दोनशे टोप्यांची मागणी नोंदवली. मला वाटले, बाजार सापडला.

ती मागणी आम्ही पुरी करू शकलो नाही. कारागीर होते, गिऱ्हाईक होते. वेळेवर बांबू मिळाला नाही. जंगल वस्तीपासून दोन कोसांवर, पण तिथला बांबू विचारल्याशिवाय तोडला तर ती चोरी. ज्या म्हाताऱ्याच्या भरवशावर मी शब्द दिला होता, तो एवढेच म्हणाला, "भाऊ, गिऱ्हाईक तुमी आनलं, बांबू कोन आनल?"

पतपेढीत हिशेब लिहिता लिहिता हाच प्रश्न धरून मी पुढे वाचत आणि हिंडत राहिलो. खेड्यातल्या उत्पादकाला बाजारपेठ मिळवून द्यायची म्हटले की आपल्याला रस्ता, प्रशिक्षण, प्रदर्शन आठवते. हे सगळे लागतेच. पण त्याच्याही आधी विचारायला हवे, की जे विकायचे ते विकण्याचा अधिकार कोणाचा? बांबूच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसते.

वनस्पतिशास्त्राच्या लेखी बांबू हे गवत. १९२७च्या भारतीय वन कायद्याने मात्र 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत त्याला बसवले. त्याची तोड आणि वाहतूक परवान्याला बांधली गेली. कागद कारखान्यांना दीर्घ मुदतीच्या करारांनी जंगलातला बांबू मिळे. गावाला निस्ताराच्या हक्काने घरापुरता. म्हणजे कूड घालायला चालेल, विकायला नाही.

२००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजांत बांबूचे नाव स्पष्ट लिहिले आणि ते गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा हक्क जंगलावर जगणाऱ्या समूहांना दिला. पण मेख नियमांत राहिली. सुरुवातीच्या नियमांनुसार माल डोक्यावरून, सायकलवरून किंवा हातगाडीवरून नेता येई. मोटारगाडीला मात्र जुनेच परवान्याचे नियम लागू. मधाचा डबा सायकलला अडकवता येतो. वीस फुटी बांबू सायकलवर बांधून माणूस किती विकणार? हक्क दिला होता, पण तो गावाच्या वेशीबाहेर पडत नव्हता.

हा पेच सोडवला गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाने. देवाजी तोफा यांच्यासारखे गावकरी आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे अभ्यासू मित्र यांच्या साथीने या गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची सवय आधीच लावून घेतली होती. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायची वेळ आली तेव्हा वाहतूक परवान्यावर घोडे अडले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. २०१२च्या सुधारित नियमांनी हा अधिकार अशा सगळ्याच ग्रामसभांच्या समित्यांना दिला. २०१७ साली 'झाडा'च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला.

एका पुस्तकाने काय बदलते? सही ज्याची, त्याच्या दारी व्यापारी येतो. गाव भाव विचारू शकते, दोन व्यापाऱ्यांना समोरासमोर बसवू शकते, नाही म्हणू शकते. तोड कशी करायची हेही गाव ठरवते: यंदाचे कोवळे कोंब तोडायचे नाहीत, प्रत्येक बेटात काही बांबू राखायचे. पुढच्या वर्षीही याच बेटांवर पोट असलेला माणूस अशी काळजी घेतो. ठेकेदाराला ती घेण्याचे कारण नसते.

'नाही म्हणण्या'चा अर्थ मला चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने शिकवला. २०१२ साली या गावालाही सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू ते विकतात. तेंदूपाने मात्र विकायची नाहीत असे त्यांनी ठरवले. उन्हाळ्यातल्या ऐन चणचणीत रोख पैसा देणारे हे पीक. पण चांगला पाला फुटावा म्हणून झुडपे छाटली जातात, जंगलाला आगी लावल्या जातात. ते नुकसान गावाला परवडणारे वाटले नाही. शाश्वत बाजारपेठेवर मी बरेच वाचले आहे, पण विकणाऱ्याने स्वतः आखलेली ही मर्यादा मला त्या सगळ्याहून मोलाची वाटते.

सगळे सुरळीत झाले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. ग्रामसभांना हिशेब ठेवावे लागतात, निविदा वाचाव्या लागतात, आणि तेंदूच्या व्यवहारात ठेकेदारांनी पैसे थकवल्याच्या तक्रारी ठिकठिकाणी झाल्या आहेत. अधिकार आला की व्यवहाराचे धोकेही अंगावर येतात. या कामात मदत करू इच्छिणाऱ्यांना माझे सांगणे आहे, की गावात रंगीत वेष्टनाचे नमुने नेण्याआधी हिशेबाची वही आणि कराराचा कागद वाचायला शिकवणारा माणूस न्या.

आणि तो म्हातारा बुरूड? तो आता नाही. त्याच्या वस्तीला जंगलावरचा हक्क मिळालेला नाही. कसब आहे, पण बांबू आजही दुसऱ्याकडूनच घ्यावा लागतो. ग्रामसभेचा बांबू ट्रकने दूरच्या कारखान्याकडे निघतो, तेव्हा त्यातली एखादी मोळी वाटेवरच्या बुरूडवाड्यात रास्त भावाने उतरवायला काय हरकत आहे? परवान्यावर आता गावाची सही आहे. हे गावालाच ठरवता येईल.