डॉसवर इंटरनेट आणणारी लायब्ररी: एमटीसीपी

१९८१ सालचा आयबीएम पीसी आजही इंटरनेटला जोडता येतो! त्याच्या डॉसमध्ये इंटरनेटसाठी लागणाऱ्या टीसीपी/आयपीची सोय मुळात नव्हतीच. ती उणीव मायकेल ब्रुटमन यांची एमटीसीपी भरून काढते. सी++ मध्ये लिहिलेली लायब्ररी आणि तिच्यावर उभे केलेले एफटीपी, टेलनेट, आयआरसी, पिंग असे प्रोग्रॅम. सोर्स कोड जीपीएल ३ परवान्याखाली खुला आहे.

खरी कारागिरी आत आहे. नेटवर्क कार्डाचा पॅकेट ड्रायव्हर प्रत्येक पॅकेटसाठी लायब्ररीला दोनदा हाक मारतो. आधी विचारतो, "इतके बाइट आलेत, कुठे ठेवू?" रिकामा बफर मिळाला, की पॅकेट त्यात उतरवतो आणि काम झाल्याचं कळवतो. बफर शिल्लक नसेल तर पॅकेट सरळ टाकून दिलं जातं. टीसीपीमध्ये पलीकडचा संगणक ते पुन्हा पाठवतो, पण वेग मार खातो. आणि बफर वाढवावेत तर एकेक जवळपास दीड केबी खातो, तेही ६४० केबीच्या मर्यादेत. हे गणित जमवणं मला सगळ्यात सुंदर वाटतं.

त्या पीसीच्या ४.७७ मेगाहर्ट्झच्या ८०८८ प्रोसेसरवर पॅकेट शाबूत आहे का हे पाहणारा चेकसमही महाग पडतो, म्हणून तो असेंब्लीत लिहिलाय. टीएलएस, म्हणजे सुरक्षित जोडणीचं एन्क्रिप्शन, एमटीसीपीत नाही. या प्रोसेसरकडून ती अपेक्षा रास्तही नाही.

जुना पीसी नसला तरी अडू नका. क्यूईएमयू या इम्युलेटरमध्ये एनई२००० नेटवर्क कार्ड देऊन फ्रीडॉस चालवा, ओपन वॉटकॉम कंपायलरने सोर्स कंपाइल करा. कोडमध्ये बदल केलात, तर तो जमेल तेव्हा खऱ्या ८०८८ वरही तपासून घ्या. इम्युलेटरच्या वेगात संथ मशीनच्या अडचणी दिसत नाहीत.