बोली जिंकली आणि गिऱ्हाईक गायब! ऑनलाइन लिलावात अशा वेळी काय करायचं?

समजा, तुम्ही जळगाव जामोदला राहता. माळा साफ करताना आजोबांचा जुना रेडिओ सापडला आणि तुम्ही तो फेसबुकवरच्या एका ग्रुपवर लिलावाला टाकला. सुरुवात 500 रुपयांपासून. रविवारी रात्री 9 वाजता वेळ संपली तेव्हा वरची बोली होती 2,200. तुम्ही यूपीआय आयडी पाठवला, निळी टिक आली, पैसे मात्र आले नाहीत. बुधवारी तर त्या माणसाचं प्रोफाइलच दिसेना.

आता काय?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. गावातल्या बाजार समितीत मालाची हर्रास होते, तेव्हा बोली लावणारा परवानाधारक व्यापारी असतो. तो सगळ्यांच्या ओळखीचा असतो. तिथेही पैसे थकतात, पण दाद कुठे मागायची ते शेतकऱ्याला ठाऊक असतं. बँका थकीत कर्जदाराच्या मालमत्तेचा ई-लिलाव करतात, तिथला नियम तर फारच कडक. बोली जिंकली की त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी 25 टक्के रक्कम भरायची. उरलेली मुदतीत भरली नाही, तर ती 25 टक्के जप्त. अशी जप्ती योग्य असल्याचं सुप्रीम कोर्टानेही फेब्रुवारी 2024 मध्ये सांगितलं.

फेसबुक किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं काहीच नसतं. तिथे बोली लावायला एक रुपयाही लागत नाही, म्हणून काही जण गंमत म्हणूनही आकडा टाकून जातात. त्यामुळे वस्तू थोडी महाग असेल तर लिलावाच्या पोस्टमध्येच लिहा: 'वेळ संपल्यापासून 48 तासांत पैसे, नाहीतर वस्तू दुसऱ्याला.' नव्या किंवा कुलूपबंद प्रोफाइलची बोली घ्यायची की नाही, हेही आधीच सांगून टाका. नंतर सांगितलेला नियम भांडणाचं कारण होतो.

कायदा कुणाच्या बाजूने?

बऱ्याच अंशी तुमच्या. 1930 चा वस्तू विक्री कायदा सांगतो की हातोडा पडला, किंवा रूढ पद्धतीने विक्री जाहीर झाली, की लिलावातला सौदा पूर्ण होतो. त्याआधी बोली मागे घेता येते, नंतर नाही. म्हणून वेळ संपताच 'अमुक यांना 2,200 ला विकलं' अशी कमेंट टाकायला विसरू नका.

पुढे याच कायद्याच्या कलम 54 मध्ये फार उपयोगाची तरतूद आहे. पैसे न मिळालेला विक्रेता वस्तू स्वतःकडेच ठेवू शकतो आणि 'अमुक तारखेपर्यंत पैसे द्या, नाहीतर दुसऱ्याला विकतो' अशी सूचना देऊन ती पुन्हा विकू शकतो. दुसऱ्यांदा कमी पैसे आले तर ते नुकसान पहिल्याकडून मागता येतं, जास्त आले तर वरचे पैसे तुमचे. सूचना न देताच विकलं तर मात्र हा हक्क जातो. पाचशे-हजारासाठी कोर्टाची पायरी कोणी चढणार नाही, हे खरं. पण तारीख घातलेला तो एक मेसेज आणि त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपच्या ॲडमिनसमोर ठेवायला पुरतो.

दुसऱ्या नंबरला कितीला द्यायचं?

खरी अडचण इथे आहे. समजा बोली 50-50 रुपयांनी चढत होती. तिसरा माणूस 1,200 वर थांबला, दुसरा 1,800 पर्यंत गेला आणि गायब झालेल्याने 2,200 म्हटलं. तुम्ही दुसऱ्याला 1,800 ला विचारता. पण तो 1,800 पर्यंत चढला कुणामुळे? त्या पळपुट्यामुळेच. तो नसता तर रेडिओ 1,250 लाच गेला असता. शिवाय दुसऱ्याच्या मनात शंका येणारच, की वरची बोली तुमच्याच भावाची तर नव्हती? भाव फुगवण्यासाठी विक्रेत्याने खोटी बोली लावली, तर खरेदीदाराला तो सौदा रद्द करता येतो, असं हाच कायदा सांगतो.

माझ्या मते 1,250 च्या आसपास द्यावं, किंवा सरळ लिलाव नव्याने घ्यावा. साडेपाचशे रुपये कमी मिळतील, पण पुढच्या वेळी तो माणूस पुन्हा बोली लावेल.

फीडबॅक कसा लिहायचा?

ईबेने 1996 मध्ये फीडबॅकची पद्धत सुरू केली, तेव्हा विक्रेता आणि खरेदीदार दोघेही एकमेकांना वाईट शेरा देऊ शकत. मग सूड सुरू झाला: तू मला वाईट दिलास, घे तुलाही. या भीतीने खरेदीदार खरं लिहीनात. शेवटी 2008 मध्ये विक्रेत्यांचा वाईट शेरा देण्याचा अधिकारच काढून घेतला. पैसे न देणाऱ्यांची नोंद तिथे वेगळी होते, आणि अशा नोंदी असलेल्यांना विक्रेता आपल्या लिलावातून बाहेर ठेवू शकतो.

ग्रुपवर अशी सोय नाही, म्हणून लिहिताना घडलं तेवढंच लिहा: तारीख, बोली, किती वेळा आठवण केली, उत्तर आलं की नाही. 'चोर', 'फ्रॉड' हे शब्द, त्याचा फोन नंबर, घरच्यांचे फोटो टाकू नका. बदनामीची तक्रार उलट तुमच्यावरच येऊ शकते. त्याने उशिरा का होईना पैसे दिले, तर तेही त्याच पोस्टखाली लिहा.

कधी कधी गिऱ्हाईक पळत नाही, उलट फारच उत्साही असतं. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट येतो, किंवा 'पैसे मिळवण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा' म्हणतं. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. खात्यात रक्कम दिसल्याशिवाय कुरियर करू नका. फसलात तर लगेच 1930 वर फोन करा (कायद्याचं साल आणि हेल्पलाइनचा नंबर एकच, हा निव्वळ योगायोग).

आणि तुम्ही स्वतः खरेदीदार असाल, पार्सल आलं नाही म्हणून विक्रेत्याला एक स्टार द्यायला निघाला असाल, तर आधी पत्ता काय दिला होता ते बघा. नुसतं 'जळगाव' लिहिलं असेल तर पार्सल खानदेशातल्या जळगावला जाऊन बसलेलं असू शकतं. जळगाव जामोद, जिल्हा बुलढाणा, पिन 443402, असा पूर्ण पत्ता द्या.